बिनहाराचा फोटो

शालूच्या घरात भिंतीवर संपतचा फोटो होता आणि त्याला हार नव्हता. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना नळाच्या वेळेइतकं पाठ होतं. हार नाही, म्हणजे माणूस गेलेला नाही. माणूस गेलेला नाही, म्हणजे शालूच्या कपाळावर कुंकू. आणि कुंकू आहे, म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवावंच लागायचं. बायका बोलवायच्या, पण नाक मुरडून.

मी कात्रजच्या या गल्लीत शाळेतल्या नोकरीपासून राहते, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. माझ्या घरी ह्यांच्या फोटोला चंदनाचा हार आहे, तेव्हा मला बोलावण्याचा प्रश्न येत नाही. एक कटकट मिटली, असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही, पण लोकांना काय, त्यांनाही तेवढंच हवं असतं.

शालूचा नवरा संपत एका सकाळी पाण्याच्या मोटारीचं सामान आणायला स्वारगेटला गेला आणि परत आला नाही. भांडण नव्हतं, दारू नव्हती. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, देवऋषी झाले. तेव्हा दुसरीत असलेली मुलगी लग्न होऊन विश्रांतवाडीला गेली, तरी बापाचा पत्ता नाही. दीर हिंदुरावाला जमीन बिल्डरला द्यायची होती आणि भावाच्या सहीवाचून काम अडलं होतं. तो म्हणाला, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून टाकू, फोटोला हार घालू, माणसाला गतीही मिळेल. हिंदुरावाला भावाच्या गतीची फारच काळजी!

शालू त्याच्या तोंडावर म्हणाली, "मढं दावा भावजी, मग हार घालते."

लोक तिला वेडी म्हणायचे. माझ्या मते गल्लीत तेवढी एकच बाई शहाणी होती. ती पोरांचे डबे करायची, भाकऱ्या थापायची, मुलीचं लग्न तिनं एकटीनं केलं. रडत बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. नवरा मेला असं तिला कुणी दाखवून दिलं नव्हतं, म्हणून ती तसं मानत नव्हती. इतकाच तिचा वेडेपणा.

माझ्या वरच्या खोलीत अनंत नावाचा मुलगा भाड्यानं राहायचा. सिनेमाचा कोर्स करायचा आणि शालूचा डबा खायचा. शेवटच्या वर्षाला त्यांना एक छोटी फिल्म करावी लागते. याची होती सायकॉलॉजिकल थ्रिलर. आता डबा खाताखाता त्यानं संपत हरवल्याचं ऐकलेलं, त्यामुळे विषय शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. एका दुपारी तो आणि त्याचा कॅमेरावाला मित्र श्याम शालूच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मीही होते. चहा झाला.

"मावशी, ओपनिंग सीनच सगळं असतं," अनंत म्हणाला. "पहिल्या मिनिटात ऑडियन्सला कळलं पाहिजे, समथिंग इज राँग. तुम्ही फक्त दोन ताटं वाढायची. एक तुमचं, एक काकांचं. आणि समोर कुणी बसलंय असं समजून हसून बोलायचं."

"दोन कशाला? अन्न वाया जातंय," शालू म्हणाली. "मी एकच वाढते."

"ते रिअल लाइफमध्ये. ही फिल्म आहे."

श्याम मात्र अडून बसला होता. त्याचं म्हणणं, बाई दोन ताटं वाढते यात विशेष काय? नवरा हात धुवायला गेला असेल. तो नाहीच आहे, हे डायलॉगशिवाय कळणार कसं? अनंतनं हरवल्याची जाहिरात सुचवली. श्याम म्हणाला, "पहिल्याच शॉटला लोकांना वाचायला नको लावू, बोअर होतं." मग रिकामी खुर्ची, बंद पडलेलं घड्याळ, असं बरंच निघालं. एका माणसाचं नसणं कसं दाखवावं यावर ते दोघं मोठ्या उत्साहानं वाद घालत होते आणि ज्या बाईचा नवरा नव्हता ती त्यांच्यासाठी दुसरा चहा टाकत होती. माझा संताप होत होता, पण तिनंच हो म्हटलेलं.

तिनं हो का म्हटलं, ते जाताना कळलं. ती अनंतला म्हणाली, "पैसं नकोत मला. फकस्त त्यांचा फोटो मोठा दावा. कानाखालचा तीळ दिसला पायजे. पिच्चर कुठं कुठं जाईल?"

"ऑनलाइन टाकणार मावशी. वर्ल्डमध्ये कुठेही दिसेल."

"मग बगंल की कुनीतरी. वळखंल."

शूटिंगच्या दिवशी मला दवाखान्यात जायचं होतं. नंतर शालूनंच सांगितलं. हसायला लावून लावून तिचे गाल दुखले. कॅमेरा पाठीमागून यायचा, ती वाढत राहायची, ताटातली भाकरी वाळून गेली. मग इथं उजेड कमी पडतो म्हणून फोटो भिंतीवरून काढून अंगणात नेला आणि थोड्या वेळानं पुसून, जागच्या जागी आणून लावला. "लई नीट वागली पोरं," ती म्हणाली.

कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. शालू मुलीच्या लग्नातली पैठणी नेसून आली होती. मी होतेच, आणि हिंदुरावाची बायको मैना गल्लीतल्या चार बायका घेऊन आलेली. अंधार झाला. पडद्यावर शालू, भरलेलं कपाळ, दोन ताटं. हसून बोलते आहे. कॅमेरा तिच्यावरून हळूहळू पुढे सरकला, भिंतीकडे वळला आणि एकदम संपतचा चेहरा पडद्यावर आला. चेहरा हॉलभर मोठा. कानाखालचा तीळ स्पष्ट. आणि गळ्यात चंदनाचा हार.

कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मैनेनं शेजारच्या बाईला कोपर मारलं. मी शालूकडेच बघत राहिले. पुढची फिल्म कशाबद्दल होती ते मला सांगता येणार नाही.

बाहेर अनंत धावत आला. "कसं वाटलं मावशी? एका शॉटमध्ये सगळं क्लिअर झालं ना? सरांनी ओपनिंगचं खूप कौतुक केलं."

"हार कुनी घातला?" शालूनं विचारलं.

"आम्हीच. म्हणजे फक्त शॉटपुरता, लगेच काढला. तुमच्या फोटोला काही झालं नाही."

मी त्याला म्हटलं, "अहो दिग्दर्शक, तो हार घालू नये म्हणून ही बाई इतकी वर्षं सगळ्या भावकीशी भांडली. तुमच्या अभ्यासक्रमात विचारणं शिकवत नाहीत वाटतं?"

त्याचा चेहरा पडला. वाईट मुलगा नव्हता तो, हेच तर दुखणं. "पण बाई, हार काढला तर सीनच उभा राहत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि फिल्म कालच ऑनलाइन गेली. ती कॉम्पिटिशनमध्ये आहे."

त्याच्या दृष्टीनं तो चुकला नव्हता. आपल्याकडे हार दिसला की पुढे काही विचारावं लागत नाही. तेच त्याला हवं होतं.

गल्लीतल्या प्रत्येक फोनवर ती फिल्म पोचली. हिंदुराव येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. संक्रांतीला मैनेचं हळदीकुंकू झालं. बायका वाणाची स्टीलची डबी घेऊन शालूच्या दारावरून गेल्या. तिला कुणी बोलावलं नाही. मैनेला मी दारात गाठून विचारलं, तर म्हणाली, "आम्ही काय केलं बाई? सगळ्या जगाला तिनंच दाखवलं की."

संध्याकाळी मी शालूकडे गेले. तिनं कपाळावर रोजच्यासारखं कुंकू लावलेलं होतं. भिंतीवर फोटो होता, बिनहाराचा. ती खालमानेनं पीठ मळत होती. मी म्हटलं, "जाऊ दे गं. असल्या बायकांच्या बोटभर कुंकवाचं काय एवढं?"

"त्याचं न्हाय वो बाई," ती म्हणाली. तिचे हात परातीत थांबले. "पिच्चर कुठनंबी दिसतो म्हनं. त्यांनी बगितला आसंल तर? त्यांना वाटंल, हार म्याच घातला."