जिभेखालची गोळी

१२ नोव्हेंबर १९९७, बुधवार. कालपासून चहा बंद. सकाळी साडेआठला ललितबरोबर तपासणीला. आधी चालत्या पट्ट्यावर सात मिनिटं चालवलं, मग दंडात सुई. कॅमेरा भला मोठा, छातीशी येऊन हळूहळू फिरतो. हात डोक्यावर घेऊन वीस मिनिटं निजले. चार तास बसवून पुन्हा तसेच फोटो. मधे दोन इडल्या. घरी साडेचारला. परवा रिपोर्ट.

सरलाबाई देवरे यांची वही अशीच असायची. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी रोजचा दिवस रोज लिहायची सवय लावली, ती संसारात सुटली नाही की नवरा गेल्यावर सुटली नाही. सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. गिरणीकामगारांची पोरं घरी अहिराणी बोलायची, गल्लीत गुजराती आणि बाईंसमोर पाढे म्हणावेत तशी इंग्रजी स्पेलिंगं. वहीत बाई रडणं-रुसणं लिहीत नसत. कोण आलं, काय झालं, किती वाजता, एवढंच.

शुक्रवारी मुलगा ललित त्यांना रिपोर्टला घेऊन गेला. डॉक्टर वयाने ललितएवढाच, सुरतेचाच गुजराती, बाईंना 'बा' म्हणजे आई म्हणणारा. पडद्यावर हृदयाची रंगीत कडी होती, घोड्याच्या नालेच्या आकाराची.

"हे बघा, बा," तो म्हणाला. "औषध रक्ताबरोबर जातं. रक्त पोचेल तिथे उजेड. इथे खाली काळं दिसतं ना? चालल्यावर काळं. चार तास आरामानंतर बाजूचा भाग भरून आला, म्हणजे तो जिवंत आहे, त्याला औषध देऊ. पण हा तुकडा नाही भरला. हा मेला. जूनो एटॅक छे, बा. कधी आला होता?"

"मला कळवून आला असता तर वहीत लिहिला असता," सरलाबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसला. "आधी कधी कार्डिओग्राम काढलेला?"

"काढला होता. प्लेगच्या वर्षी. गॅस निघाला."

"कार्डिओग्राममध्ये गॅस?" डॉक्टरने ललितकडे पाहिलं. ललित चष्मा पुसत होता, पुसतच राहिला.

डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, आणि एक बारकी पांढरी गोळी हातावर ठेवून दाखवली. "छातीत भरून आलं की ही जिभेखाली. गिळायची नाही."

माय-लेक रिक्षाने घरी आले. बाईंनी चपला काढल्या, तोंडही न धुता कपाटातून चौऱ्याण्णवची वही काढली आणि सप्टेंबर उघडला.

२३ सप्टेंबर, शुक्रवार. पहाटे छाती दुखली, डावा हात जड, घाम. ललितने रिक्षाने नेलं. कार्डिओग्राम काढला. मला बाहेर बसवलं, ललित एकटा आत बोलला. गॅस आहे. कोऱ्या पुडीत गोळ्या, गॅसच्या, जिभेखाली ठेवायच्या. दुपारी ललित-रंजना धुळ्याला गेले. स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही म्हणे.

२६ सप्टेंबर, सोमवार. नळ नाही. खालून चार बादल्या तिसऱ्या मजल्यावर आणल्या. गॅसचा त्रास. दोन गोळ्या. ओवा खाल्ला.

असं एकोणीस दिवस, ललित-रंजना परत येईपर्यंत. शेजारपाजारच्या दारांना कुलपं होती. आयुष्यात कुठली गॅसची गोळी जिभेखाली ठेवली होती आपण? शिकलेली बाई, आणि स्वतःच्या हाताने हे लिहून पुढचं पान उलटलं. मुलगा म्हणाला होता, म्हणून.

"ललित."

तो दारातच उभा होता. वही पाहिली आणि खुर्चीत बसला.

"काय म्हणाले होते तेव्हाचे डॉक्टर?"

"आई, आता काय त्याचं..."

"काय म्हणाले?"

"लगेच भरती करा म्हणाले." त्याने चष्मा काढून हातात धरला. "पण कुठे करणार होतो? निम्मे दवाखाने बंद. जे चालू, तिथे प्लेगचे पेशंट. ते डॉक्टर स्वतः संध्याकाळी गाव सोडणार होते. रंजनाला आठवा लागलेला. सायली पोटात. मी काय करायला हवं होतं, तूच सांग."

"मला सांगायला हवं होतंस."

"तू घाबरली असतीस."

"मी? प्लेगच्या गावात मला एकटीला ठेवून तू गेलास, आणि घाबरले असते मी?"

स्वयंपाकघरात रंजनाचं लाटणं थांबलं.

"तुला कळलं असतं तर आमचा पाय निघाला नसता, आई."

सरलाबाईंनी वही मिटली. "अरे, मीच तुम्हाला हाकललं असतं. पोटुशी सून घरात ठेवून घेणारी बाई आहे का मी? जा, म्हणाले असते. आणि बादल्या नसत्या उचलल्या. पडून राहिले असते. खालच्या वॉचमनला हाक मारली असती. तो तुकडा कदाचित जगला असता, ललित. ते माझं मी ठरवलं असतं. तू ठरवलंस, वर गॅस म्हणालास."

"तीन वर्षं मला झोप..."

"ते मला नको सांगूस."

तो खाली मान घालून बसला. बाईंना त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, नेहमीसारखा. ठेवला नाही.

"तो कार्डिओग्राम कुठे आहे?"

"बँकेत. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये."

"उद्या आण. फाईल माझ्या कपाटात राहील. आणि यापुढे डॉक्टरांपुढे मी बसेन, तू बाहेर थांब. यायचं असेल तर."

"येईन."

"बघू."

रात्री सगळे जेवायला बसले. सायलीने वरणात पोळी कुस्करून ठेवली आणि खाल्ली नाही, म्हणून रंजना तिला रागावली. बाईंनी डॉक्टरच्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली नाव वाचून, स्पेलिंग उतरवून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मग दिवसाची वही पुढे ओढली. रिपोर्टचं दोन ओळींत लिहिलं. ललितचं काय लिहावं यावर पेन बराच वेळ थांबलं. शेवटी त्यांनी लिहिलं: ललितला चौऱ्याण्णवमध्ये माहीत होतं. त्याखाली लिहिलं:

गॅलरीतले दोन परकर वाळले नाहीत. आत पंख्याखाली टाकले.