डोळे मिटा, काही म्हणू नका

आमचे हे गोष्टी विसरायला लागले तेव्हा आधी मी नुसती वैतागले. चष्मा, किल्ल्या, नळ सोडून जाणं, एक ना दोन. पण एकदा टिळक रोडवर रिक्षावाल्याला आपलाच पत्ता विचारताना सापडले. त्या दिवशी वैताग पार उतरला. घाबरलेच मी.

मेंदूच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. तेवढ्यात कळलं, एका आयुर्वेद महाविद्यालयात ब्राह्मीच्या गोळ्यांवर संशोधन चाललंय. गोळ्या घ्यायच्या आणि मधूनमधून डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींचा आलेख काढून घ्यायचा, औषधाने त्यांत काही फरक पडतो का ते बघायला. काहींना खरी गोळी, काहींना नुसत्या पिठाची. कुणाला कुठली, ते तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. म्हटलं, छान, म्हणजे आमच्या घरासारखंच. पण दुसरं करण्यासारखं उरलं होतं काय? नाव घातलं.

डोक्याला तेलाचा थेंब नको, अशी ताकीद होती, म्हणून शिकेकाईने न्हाऊ घालून नेलं. तिथल्या मुलीने टोपी चढवली, तारा जोडल्या आणि म्हणाली, "काका, डोळे मिटा आणि एकदम रिलॅक्स बसा." ह्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि स्तोत्र सुरू केलं.

त्यांची तरी काय चूक? जन्मभर डोळे मिटले की एक तर झोप, नाही तर स्तोत्र. मुलगी म्हणाली, ओठ आणि जबडा हलला की आलेखात नुसती गिचमिड येते. मनातल्या मनात म्हणा म्हटलं, तरी ओठ हलायचेच. दर वेळी "हो, हो" म्हणायचे आणि डोळे मिटले की पुन्हा पहिल्यापासून. सांगितलेलं घटकाभरही टिकत नव्हतं. पोटच्या मुलीचं नाव अडायचं, पण स्तोत्रातला शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. मला त्या स्तोत्राचाच राग आला.

"काकू, पुढच्या वेळीही असंच झालं तर ह्यांना संशोधनात ठेवता येणार नाही हो," डॉक्टर म्हणाले.

मग मी मागेच लागले. जेवताना, फिरताना, रिक्षात, एकच धोशा: अहो, डोळे मिटल्यावर काही म्हणायचं नाही. पुढच्या खेपेला ते खरंच गप्प बसले. मुलगी खुशीत मला पडद्याजवळ घेऊन गेली, "बघा काकू, किती क्लीन आलाय." मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण नवरा पहिल्या वर्गात पास झाल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर संध्याकाळी दिवा लावला. हे देवासमोर उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. ओठ मात्र हलेनात.

"अहो, म्हणा ना."

"तूच नको म्हणालीस ना?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. माझं सांगणं ह्यांच्या लक्षात राहिलं होतं! नक्की खरीच गोळी मिळतेय. म्हटलं, "ते तिथे. इथे म्हणा."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. दोन ओळी म्हटल्या आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच अडले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"पुढे काय गं?"

मला ते पाठ नाही. रोज ते म्हणायचे, तेव्हा मी आत कुकर लावत असायचे.