चवळीचे मोड

नायजेरियात, लागोसच्या विमानतळावर मामा बिसीनं माझ्या बॅगेत लाल पामतेलाची बाटली कोंबली. एकावर एक पिशव्या गुंडाळलेल्या आणि वरून अनूचे जुने फ्रॉक. मामा बिसी म्हणजे आमची तिथली शेजारीण. तिकडं बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारतात. ती बिसीची आई, तशी मी मामा अनू. अनूचा जन्मच तिथला. निघायच्या वेळी तिनं मामा बिसीच्या कमरेला अशी मिठी मारली की हात सोडवायला तिच्या बाबांना यावं लागलं. मी मात्र तेल सांडेल म्हणून बॅगेशी झटत होते. म्हणजे तसं दाखवत होते.

त्याच्या कितीतरी आधी नवऱ्यानं वाळूजची नोकरी सोडून लागोसचा कारखाना धरला, तेव्हा मला निरोप द्यायला माझी आई वैजापूरच्या स्टँडवर आली होती. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पापड, सगळं डब्यांत भरून दिलं आणि वर म्हणाली, "तिथलं बी खात जा गं. आपलंच धरून बसलीस तर उपाशी राहशील."

आईचं बोलणं लगेच खरं झालं. तिथल्या बाजारात चवळी दिसली तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. भिजवली, फडक्यात बांधली आणि दोन्ही घरांच्या सामाईक ओट्यावर मोड यायला ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं आणि चवळीचा पत्ता नाही. मामा बिसीनं शेपट्या फुटलेली चवळी बघितली आणि तिला वाटलं, ह्या नव्या पोरीचं धान्य नासलं. तिनं ते फेकलं, आणि बिचारी उपाशी राहील म्हणून आपल्या घरचं पातेलं घेऊन दारात उभी राहिली.

रडावं की हसावं ते कळेना. पण भूक लागली होती, म्हणून खाल्लं. चवळी पार मऊ, खिरीसारखी घट्ट, त्यात वाटलेल्या लाल मिरच्या, कांदा आणि त्या लाल तेलाचा दणदणीत वास. बाजूला पिकल्या केळ्याचे तळलेले काप. पहिला घास घशाखाली जाईना, आणि पुढच्या काही वर्षांत तेच आमचं शनिवारचं जेवण झालं. मामा बिसीनंच शिकवलं. चवळी शिजेपर्यंत मीठ घालायचं नाही, तेल शेवटी, आणि सारखा डाव फिरवायचा नाही.

सासरे गेले, बजाजनगरच्या घरात सासूबाई एकट्या पडल्या, म्हणून आम्ही परत आलो. मी परत आले, नवरा परत आला. अनू नाही. तिच्या लेखी ती पाहुणी आली होती. या घराला ती आजीचं घर म्हणायची आणि जेवताना विचारायची, "घरी कधी जायचं?" मला लागोसला निदान वैजापूर तरी आठवायला होतं. ही पोरगी लागोस आठवत मोठी होणार आणि इथं कायम परकी राहणार, ही भीती मला खात होती.

शाळेत नाव घातलं त्या आठवड्यात तिनं एकच मागितलं. "मामा बिसीचे बीन्स कर." तेल बाटलीच्या तळाशी उरलं होतं. मी चवळी भिजवली आणि कामांसाठी शहरात गेले.

परत येऊन दुसऱ्या दिवशी पातेलं शोधते, तर चवळी फडक्यात बांधलेली आणि वर पाटा ठेवलेला. सासूबाईंच्या घरात कडधान्य मोड आल्याशिवाय गॅसवर चढत नाही. अनूनं फडकं उघडलं आणि भोकाड पसरलं. "आजीनं खराब केलं! फेकून दे!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "पोरीसाठीच केलं व्हतं गं. लई चांगले मोड आलेत, बघ की."

आणि मला हसू फुटलं. दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मग मी तिथंच बसून त्यांना माझ्या धुतलेल्या फडक्याची गोष्ट सांगितली. अनूला ती ठाऊक नव्हती. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"फेकून दिलं? एवढे मोड?"

"फेकून दिलं, आत्या."

"आन् तू काय बोलली नाय?"

"काय बोलणार? ती माझ्यासाठीच पातेलं घेऊन आली होती."

अनू हुंदके देत ऐकत होती. थोड्या वेळानं ती आजीजवळ सरकली आणि मोड मोजायला लागली.

त्या दिवशी उसळ खाल्ली. सासूबाईंनी दुसरी चवळी भिजवली आणि सकाळी स्वतःच अनूला हाक मारली, "ऊठ गं, मोड यायच्या आत ये!" अनू स्टुलावर उभी राहून आजीला हुकूम सोडत होती. मीठ आता नाही, डाव फिरवू नको. तिकडं सुकट कुटून घालतात. ती आमच्याकडं चालत नाही, म्हणून सासूबाईंनी कुणाला न विचारता मूठभर शेंगदाण्याचा कूट टाकला. अनूनं डोळे वटारले, चव घेतली आणि परत चमचा बुडवला. सासूबाईंनी भाकरी कुस्करून खाल्लं. वासानं नाक मुरडलं, पण वाटी पुढं केली. बाटली उपडी केली तेव्हा शेवटचा थेंबही पडला.

घर म्हणजे काय, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आपल्या ताटाची कुणाला तरी काळजी असते, त्या काळजीपायी ते माणूस आपलं अन्न बिघडवूनही ठेवतं, आणि आपण ते खातो. एवढं मात्र दोन्हीकडं सारखंच दिसलं.

दुपारी अनूनं मामा बिसीला व्हिडिओ कॉल लावला. रिकामं पातेलं दाखवलं, आजीला दाखवलं. तिकडच्या बोलीत भरभर काहीबाही सांगत होती, मी भांडी घासत अर्धं ऐकत होते. शेवटचं मात्र नीट कानावर आलं.

"तू आमच्या घरी ये. पण आमच्या घरी चवळीला मोड आले ना, तर फेकायचे नाहीत."