पेज आणि गूळपाणी

आमगावचा सायकल मिस्त्री रविवारी माझ्यासोबत कचारगडापर्यंत सायकल मारायचा. त्याच्याजवळ दोन बाटल्या असायच्या, एकीत मीठ घातलेली भाताची पेज, दुसरीत गूळपाणी. दर थोड्या वेळानं तो ओरडायचा, "घोट घेतला का?" मला त्याचा वैताग यायचा.

एकदा मी निघतानाच माझ्या बाटलीतलं सगळं ग्लुकोजपाणी पिऊन टाकलं. परतताना चढावर हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली.

"एकदम सारं कायले पेला?" म्हणत त्यानं मला सावलीत बसवलं आणि स्वतःच्या दोन्ही बाटल्या घोटाघोटानं मलाच पाजल्या.

पुढं त्याचीच सायकल डगमगू लागली.

"थांबायचं का, भाऊ?" मी विचारलं.

"मी येऊन राहिलो ना. तू चाल."

मी त्याला सोडून गेलो नाही. त्याच्या दुकानाशी पोचताच मी धावत उसाचा रस आणला. ग्लास त्याच्या हातात राहीना, म्हणून मीच धरला.