खारं पाणी अन् माहं डोक्शं

दर्यापूर ते अकोला या लाइनीवर माह्यासारखे दाट केस दुसऱ्या एकाबी डायवरचे नाहीत. हे समोरून पाहणाऱ्यायसाठी आहे. मागच्या सीटवर बसणाऱ्यायचं म्हणणं येगळं, कारण त्यायले माही उघडी टाळू दिसते.

मी काळी-पिवळी चालवतो. शाळेत दोन वर्षं गेलो, त्यातलं एक त बाहेर उठबशा काढण्यात गेलं. त्याच्यामुळं शाम्पूच्या पुडीवर काय लिवलं आहे ते मले वाचता येत नाही, पण पुडी फाडता चांगली येते. ती दातानं फाडायची, डोक्श्यावर रिकामी करायची अन् न्हाणीच्या भिताडावरून मागं फेकायची, असं मी कितीक वर्षं केलं. मागची नाली तुंबली का मीच सगळ्यायच्या आधी शिव्या द्याले उभा. एक दिवस काडी घेऊन नाली मोकळी कराले बसलो, त सगळा माहाच माल निंघाला.

माही पोरगी अमरावतीले खोली करून राहते. दिवसा एका मेडिकलच्या दुकानात कामाले जाये अन् संध्याकाळी खोलीवर केसाचा साबण बनवे. खोबऱ्याचं तेल, तिळाचं तेल, जास्वंद, कडुनिंब. जनावराचं त्यात काहीच नाही. दूध नाही, मध नाही, चरबी नाही. म्हटलं, चला, म्हशीले सुट्टी झाली. वरून प्लास्टिकबी नाही. कागदात गुंडाळायचा अन् सुताच्या दोऱ्यानं बांधायचा, का झालं. तिच्यासंगं राहणाऱ्या पोरी तोच साबण लावत, अन् त्यायचे केस खरंच चांगले होते.

अकोल्याच्या एका बाईचं अशाच देशी मालाचं दुकान आहे. तिनं पोरीले सांगतलं का माहे निम्मे गिऱ्हाईक खाऱ्या पाण्याच्या गावचे आहेत. त्या पाण्यात कोणाच्या तरी डोक्श्यावर एक महिना चालवून दाखव, मंग मी दर महिन्याले माल घेते. बाईनं घेतला त पोरगी मेडिकल सोडणार होती अन् सोताचा धंदा करणार होती. नाही घेतला त दुसऱ्याच्या दुकानात गोळ्यायच्या पट्ट्या कापत बसणं होतंच.

आता आमच्या बोरचं पाणी असं आहे का त्यात दाळ शिजत नाही अन् बादलीले पांढरा थर चढते. डोक्शं पाहिजे होतं, म्या म्हटलं माहं घे. बायको म्हणे, तुमच्यानं दोन दिवस काही धरवत नाही. तिच्या बोलण्यानं मी पेटलोच. महिना म्हणजे महिना, मंग डोक्शं राहो नाहीतर जावो.

पहिल्याच दिवशी साबण लावला त फेसच नाही. लय घासला. वाळल्यावर केस असे चिकटले का कंगवा अर्ध्यातून वापस आला. गाडीत एका म्हातारीनं मागून हात लावून पायला अन् इचारलं, बापू, डिंक सांडला काय रे? मी म्हटलं नवीन फॅशन आहे. ती म्हणे, देव तुले बरं करो.

तिसऱ्या दिवशी साबण म्या न्हाणीतल्या पाण्यातच ठेवून देल्ला, त त्याचा खळ झाला. पोरीचा फोन आला, बाबा, कसा आहे साबण? तिच्या आवाजात इतकी आशा होती का खरं सांगवलंच नाही. म्हटलं, झकास. इतका आवडला का संपलाबी, दुसरा पाठव.

खोटं बोलून बसलो, आता निभवाले पाहिजे. माही माय केस ताकानं धुवे हे मले याद होतं. मंग रोज साबण लावल्यावर गुपचूप एक गिलास ताक डोक्श्यावर. केस मऊ झाले, रेशमासारखे. इकडं घरातलं ताक कमी होये अन् बायको मांजरीच्या मागं झाडू घेऊन धावे. त्या मांजरीनं माह्यासाठी लय मार खाल्ला. मी महिनाभर नेम मोडला नाही. साबणाचाबी नाही अन् ताकाचाबी नाही.

महिना भरला. पोरगी अमरावतीहून आली अन् मले घेऊन अकोल्याले त्या बाईच्या दुकानात गेली. बाईनं केसातून हात फिरवला. पाणी कोणतं, इचारलं. बोरचं, म्हटलं. ते त खरंच होतं. बाई म्हणे, जमलं बाई तुहं, पुढच्या महिन्यापासून माल पाठव. पोरगी माह्याकडं वळली अन् हळूच म्हणे, "बाबा, मी उद्याच मेडिकलवाल्याले सांगते, काम सोडलं म्हणून."

तवा मले समोरचं दिसलं. लागलेलं काम सुटणार, अन् पंधरा दिवसात खाऱ्या पाण्याच्या साऱ्या गावायच्या बाया चिकट डोक्शे घेऊन हिच्या दारात उभ्या राहणार. म्हटलं, आता नाही बोललो त मी बाप कशाचा?

"थांब पोरी," म्या म्हटलं, "हे केस साबणाचे नोहेत, ताकाचे आहेत."

बाईनं हात साडीले पुसला. पोरगी उठली, बाईले माफ करा म्हणे अन् बाहेर आली. वापस येताना ती माह्याजोळच्या सीटवर बसलीच नाही, मागं सवाऱ्यायमधी बसली. अख्ख्या रस्त्यानं माही टाळू पाहत आली असंन.

मले वाटलं घरी येऊन रडंन. ती रडली नाही. तिनं काचेच्या बरणीत बोरचं पाणी घेतलं, साबणाचा तुकडा टाकला अन् हालवला. पाण्यावर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या आल्या. बरणी माह्यासमोर ठेवली. मंग म्हणे, "हे पहिल्या दिवशी सांगतलं असतं त माहा महिना वाचला असता. आता पुन्हा करू. पण यावेळी जे होईन ते सांगायचं. वाईट झालं त आधी सांगायचं."

दोन क्यान खारं पाणी घेऊन ती अमरावतीले गेली. बसमधी कंडक्टरनं इचारलं म्हणे, अमरावतीले पाणी नाही काय? तिनं सांगतलं, आहे, पण असं नाही.

साबणाचा नाद तिनं सोडला. रिठा, शिकेकाई, आवळकाठी कुटून भुकटी केली. खाऱ्या पाण्यात रिठ्याले फेस येते हे जुन्या बायायले माहीतच होतं, इचारलं मात्र कोणी नोतं. भुकटी भरायले तिनं शिंप्याकडच्या उरल्या कापडाच्या कातरनीतून सुती थैल्या शिवल्या, बोटाएवढ्या.

मी नव्यानं सुरू झालो. पहिल्या खेपेले भुकटी केसातून निंघेचना. सवाऱ्या म्हणत, डायवर चक्कीवरून आला. तसंच पोरीले फोनवर सांगतलं. दुसऱ्या खेपेले रिठा डोळ्यात गेला अन् मी लालभडक डोळे घेऊन ष्ट्यांडवर उभा. दोन बाया गाडीत चढल्या, माह्या तोंडाकडं पायलं अन् उतरल्या. तेबी सांगतलं. बायको म्हणे, पुरे करा आता. म्या म्हटलं, आंधळा झालो तरी महिना काढन. ती म्हणे, गाडी कोण चालवंन मंग? तरी मी थांबलो नाही.

तिसऱ्या खेपेले माह्या हाताले गिरीस लागेल होतं, थैलीची गाठ सुटेना. आळस आला. थैली बांधेल तशीच मगातल्या कोमट पाण्यात टाकली अन् डोक्श्यावर पिळली. फेस आला. भुकटी आतच राहिली, केसात कण नाही, डोळ्यात कण नाही. केस वाळले त कंगवा सरळ खाली. आधीचा मी असतो त म्हणलो असतो, म्या डोकं लढवलं. पण सांगायचं ठरलं होतं. पोरीले फोन लावला अन् म्हटलं, गाठ सुटली नाही म्हणून थैली न खोलताच वापरली, रागवू नको. ती म्हणे, उद्याबी खोलू नका. परवाबी नका खोलू.

तसाच महिना काढला. एक थैली तीनदा चाले, मंग भुकटी तुळशीत अन् कापड धुऊन पुन्हा भराले.

यावेळी बायकोबी संगं अकोल्याले आली. ती काहून आली हे म्या इचारलं नाही. वाटलं, नवऱ्याचं कौतुक पाहाले आली असंन. मायलेकी दुकानात गेल्या अन् मी गाडी लावाले जागा पाहत बसलो. येऊन पाहतो त थैल्यायची टोपली काउंटरवर, बाई वहीत लिवून राहिली होती अन् पोरगी मेडिकलवाल्याले फोनवर सांगून राहिली होती का पहिल्या तारखेपासून मी येणार नाही.

माहा ऊर भरून आला. म्या उन्हासाठी घातलेली टोपी काढली, बाईसमोर मान खाली घातली अन् म्हटलं, पाहा, हात लावून पाहा.

बाईनं वहीतून डोकंबी वर केलं नाही. "टोपी घाला भाऊ," म्हणे, "तुमच्या बायकोनं महिनाभर त्याच पाण्यात याच थैलीनं केस धुतले, ते पाहून माल घेतला म्या. तुमच्या डोक्श्यावर कोण इसवास ठेवते?"