भावाच्या मागाचा ठेका

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की पान लावायला घ्यायचो, नाहीतर उठून परसात जायचो. आता विषय काढणारंही कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

आमचं घर वडगावातलं, विणकरांचं. पॉवरलूमवर साड्या विणायचं काम. माग कुठं बिघडलाय हे मला पलीकडच्या खोलीतून नुसत्या आवाजावरून कळायचं, त्यामुळं गल्लीत माझ्या कानाला मान होता. इतका, की विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेवर काय वाजवायचं हेही मंडळाची पोरं मला विचारून ठरवायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. विचारतात म्हणून सांगायचो.

त्या वर्षी परदेशातली एक नाचाची ट्यून सगळ्यांच्या मोबाइलवर होती. शब्द नाहीत, नुसता इलेक्ट्रॉनिक ठेका. तिचे तीन रिमिक्स मंडळाकडं आले. एकात हलगी घातली होती. दुसरा इतका पळवलेला, की ऐकूनच दम लागावा. तिसरा माझ्या पुतण्याचा. धाकट्या भावाचा हा मुलगा उद्यमबागेतल्या कारखान्यांत, लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कामाला होता, सुट्टीला कॉम्प्युटरवर असलं काही जुळवत बसायचा. त्याचा रिमिक्स निवडला गेला तर डीजेच्या गाडीवर तोच बसणार होता, आणि डीजेवाला त्याला पुढं आपल्याकडं कायमचं घेणार होता. भट्टीसमोरून सुटायची त्याला तेवढी एकच वाट दिसत होती.

रविवारी सकाळी मंडपासमोर ऐकायला सगळे जमले. भाऊही आला, खांबाला टेकून बसला. हलगीचा रिमिक्स वयस्करांना आवडला, पळवलेला कॉलेजच्या पोरांना. मग पुतण्यानं आपला लावला. लावण्याआधी एवढंच म्हणाला, "बाबांचा माग भंगारात घातला, त्याच्या आदल्या दिवशी आवाज मोबाइलवर धरून ठेवलता. तो ह्यात घातलाय."

खटक खटक करत माग सुरू झाला, खालून ट्यून आली. आणि ठराविक ठोक्यांनंतर एक ठोका किंचित अडखळायचा. त्या अडखळण्यावर गल्ली दुभंगली. काहींना वाटलं, तिथंच तर पाय हवेत राहतो, मजा तिथंच आहे. काही म्हणाले, मिरवणुकीत माणसं एकमेकांवर पडतील. कुणी म्हणालं, मूळ ट्यूनचं वाटोळं केलं. समोरच्या घरातल्या कन्नड बाई दारातूनच "छलो ऐती", छान आहे, म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. त्यांच्या घरचे माग केव्हाच बंद झाले होते.

माझ्या शेजारी गल्लीतला जुना जॉबर बसला होता. माग दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो माझ्याकडं वाकला. "ह्यो दाता तुटल्याचा आवाज न्हवं? चाकाचा?"

तो तोच आवाज होता. आम्हा भावांत मागांची वाटणी व्हायच्या आधी, विणलेलं कापड पुढं ओढणारं ते चाक माझ्याच हातून पडलं होतं, एक दाता उडाला होता. मी गुपचूप वेल्डिंग करून वर ग्रीस फासलं. आमच्यात थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, अशी रीत. म्हणजे थोरल्याला फसवता येऊ नये. भावानं मागांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अण्णा, तूच सांग, कुठला घिऊ?" मी तुटक्या दात्याचाच माग दाखवला.

वेल्डिंग वर्षभरात झिजलं. त्याच्या साडीत ठराविक अंतरानं एक जाड पट्टी पडायला लागली, व्यापारी माल परत करायचे. तो मलाच बोलवायचा. मी चाकाचं झाकण उघडायचो, बोल्ट आवळायचो, झाकण लावायचो. "माग बेस हाय, तुझा हात बसंना त्याला." त्यानं दुसऱ्या कुणाला कधी ते झाकण उघडू दिलं नाही; अण्णानं बघितलंय म्हणायचा. हात वाईट असलेला विणकर म्हणूनच गल्लीनं त्याला ओळखलं. त्याच्या बायकोनंही.

आणि आता तो दाता कर्ण्यावरून, भल्यामोठ्या स्पीकरवरून, सगळ्या गल्लीला ऐकू येत होता. जॉबर उत्तराची वाट बघत होता. पोरं माझ्याकडं बघत होती.

मी मोठ्यानं म्हणालो, "दाता न्हाय, काय न्हाय. बापाचा हात बिघडल्याला, आणि पोराचा कान. बिघाडावर कुणी नाचतंय व्हय रं?"

सगळे हसले. माझ्या बोलण्याला हसायची गल्लीला सवय होती. जॉबरनं मान खाली घातली. पुतण्या बापाकडं बघत राहिला. आता बाबा काहीतरी बोलतील असं त्याला वाटलं असावं. भाऊ पायात चप्पल सरकवत म्हणाला, "अण्णा म्हणतोय तर खरंच असंल. बंद कर, बाळ."

त्यानं बंद केलं. मिरवणुकीत हलगी वाजली. पुतण्यानं कॉम्प्युटर विकून टाकला आणि फाउंड्रीतच राहिला. माझ्याशी तो नीट बोलतो, आप्पा म्हणतो, सणाला पाया पडतो. त्याचंच मला जड जातं.

पुढच्या उन्हाळ्यात भावानं अंथरूण धरलं. मी तीनदा गेलो. दोनदा हवापाण्याच्या गोष्टी करून परतलो. तिसऱ्यांदा खोलीत आम्ही दोघंच होतो. चादरीवर त्याचा उजवा हात पडला होता, आणि तो त्या हाताकडंच बघत होता. म्हणाला, "ह्यानंच घात केला, अण्णा. न्हायतर माग चांगला दिलतास तू."

मी तोंड उघडलं. पाणी हवंय का, विचारलं. तो नको म्हणाला. चार दिवसांनी गेला.

त्या तिसऱ्या खेपेला त्याच्याकडं जाताना वाटेत मी जे वाक्य पाठ केलं होतं, ते एवढंच होतं: तुझा हात चांगला होता रं, दाता मी तोडलेला, मला माफ कर.