दोन एक्के आणि उसाची वाट

भाचरांनो, तुम्ही सुट्टीत शिकवून गेलेला पोकर आम्ही इथे, पिंपरी पेंढारला, कशासाठी खेळत होतो, हे मी फोनवर कधी सांगितलं नाही. तुमची आई काळजी करत बसते.

विहिरीवरची मोटर आपल्या उसाच्या पलीकडे आहे. दिवस मावळायच्या आत ती बंद करायला कुणीतरी जावंच लागतं. त्या उसात बिबट्या दिसला, आणि नेमके माझे धाकटे दीर पाय मोडून पलंगावर होते. उरलो मी आणि माझी जाऊ. बिबट्याला मान धरता येऊ नये म्हणून एकीने गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून जायचं, दुसरीने दिरांजवळ थांबून पडवीतून थाळी वाजवायची. कोण जाणार ते पत्त्यांवर ठरायचं. प्रत्येकीला वीस चिंचोके. जिचे आधी संपतील, ती निघाली.

एके दिवशी मी हरले आणि मोटर बंद करायला गेले. परतताना उसात काहीतरी माझ्या पावलांबरोबर चालत होतं. मी थांबले की तेही थांबायचं. घरी मी हे कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हातात दोन एक्के आले. सुरुवातीलाच जास्त लावलं तर जाऊ पानं टाकून देईल, हे मला माहीत होतं. म्हणून तुम्ही शिकवलंत तसा गरीब चेहरा केला आणि एकच चिंचोका सरकवला.

"वैनींचं तोंड बघ, नापास झाल्यावानी," पत्ते वाटणारे दीर हसले.

"रोज मला इंग्रजी शिकवत्यात, आता कळंल," जाऊ म्हणाली.

दोघींना मिळून धरायचे मधले पत्ते उघडले: एक्का, नव्वी, चव्वी. मी काहीच लावलं नाही. तिने पाच लावले. मी नाइलाज असल्यासारखे पाच टाकले. शेवटच्या पत्त्याला तिने उरलेले सगळे पुढे ढकलले.

मी एक्के दाखवले; मधला धरून तीन. तिच्याकडे नव्वी आणि चव्वी होती, म्हणजे दोन जोड्याच. दिरांचं हसू थांबलं.

तिला पट्ट्याचं बक्कल लागेना. ते मीच लावलं.

मोबाईलवर मोठ्याने गाणं लावून ती गेली. मी थाळी वाजवत राहिले. मोटर बंद झाली. मग गाणंही बंद झालं.

"आली का?" दीर आतून पुन्हा पुन्हा विचारत होते. वाट मोकळीच दिसत होती.

ती आली ती धावत, अनवाणी. मोबाईलही पडला होता.

"काय होतं?"

"वळून कोण बघतंय!" तांब्याभर पाणी पिऊन ती म्हणाली, "ताई, एवढी मोठी पानं दाबून बसला व्हता. पहिल्यांदाच चार जास्त लावले असते, तर मी पानं टाकून मोकळी झाले असते ना."

उसाच्या वाटेने पुन्हा मला जावं लागू नये, एवढ्याचसाठी मी तिला खेळात धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दीर पत्ते पिसायला लागले, तेव्हा मी न खेळताच पट्टा बांधला. अंगण ओलांडते तोच मागून हाक आली, "थांबा की ताई!"

थाळी दिरांच्या हातात देऊन ती आली होती. दोन्हीकडे ऊस डोक्याच्या वर गेलेला. आम्ही हात धरून चाललो. उसात काही चालतंय का, ते ऐकत होतो.